तुम्ही विचारलंत म्हणून: भयपटाला कुठलं जुनं गाणं लावू?

"भुताच्या शॉर्टफिल्मसाठी अंगावर काटा आणणारं एखादं जुनं गाणं सुचवा." हा प्रश्न सतत येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "गोड गाण्याला माणूस घाबरतो कसा? खरखर टाकली, जरा स्लो केलं, की झालं ना?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते दोन ओळींत मावत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गाण्याचं नाव मी देत नाही. हा आडमुठेपणा नाही. नाव दिलं की तुम्ही ते टाइमलाइनवर टाकणार, काहीच घडणार नाही, आणि मग दुसरं नाव मागणार. भीती गाण्यात नसते. पडद्यावर जे चाललंय त्याची गाण्याला पर्वा नसते, भीती तिथे असते. भयपटासाठी मुद्दाम केलेलं पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या बाजूने उभं असतं. ते आधी सावध करतं आणि शेवटी सुटका झाल्याचंही सांगतं. कोपऱ्यातल्या ग्रामोफोनवरचं नाचाचं गाणं यातलं काहीच करत नाही. समोर मुडदा पडला तरी ते पुढचं कडवं घेतं. मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाने या दोन प्रकारांत स्पष्ट भेद केला आहे: एक संगीत पात्रांच्या भावनेत सामील होतं, दुसरं बेफिकीर चालू राहतं.

स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग' (१९८०) या भयपटाबद्दल बोलताना सगळे त्यात वापरलेल्या पेंडेरेत्स्की, लिगेटी आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांवर येऊन थांबतात. मला त्याच्या शेवटाबद्दल बोलायचंय. नायक बर्फात गोठून मेलाय. मग हॉटेलची रिकामी लॉबी, भिंतीवर फ्रेम केलेले फोटो, आणि त्यांच्याकडे हळूहळू सरकणारा कॅमेरा. या दृश्यावर रे नोबलच्या वाद्यवृंदाची १९३४ ची तबकडी वाजते, गायक अल बोली. कॅमेरा शेवटी ज्या फोटोवर थांबतो, त्याच्याखालच्या ओळीवर तारीख आहे ४ जुलै १९२१. म्हणजे गाणं फोटोपेक्षा तेरा वर्षांनी धाकटं. यावर "ही चूक नाही का?" असं हमखास विचारलं जातं.

मला विचाराल तर इथे १९२१ चं गाणं चाललंच नसतं. तेव्हा गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे. सुई मेणावर कोरणार ती निव्वळ आवाजाच्या जोरावर, म्हणून छातीतून खणखणीत गावं लागे. १९२५ पासून मायक्रोफोनवर मुद्रण सुरू झालं, आणि मग कानाशी बोलावं इतक्या हळू आवाजात गाणं शक्य झालं. अल बोली तसाच गातो. आवाजाची ढब जवळिकीची आहे, पण तो येतोय लांबच्या हॉलमधून. जवळचा माणूस आणि लांबची जागा असा तो मेळ आहे, आणि तो कर्ण्याच्या काळातल्या तबकडीवर मिळत नाही. प्रेक्षक साल मोजत बसत नाही, त्याचा कान पोत ओळखतो.

पुढे काय होतं ते बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. श्रेयनामावली सुरू झाली की लोक उठतात. पण थांबलात तर गाणं संपल्यावर टाळ्या ऐकू येतात, आणि टाळ्यांमागून माणसांची कुजबूज. म्हणजे इतका वेळ जे पार्श्वसंगीत वाटत होतं ते कुठल्यातरी खोलीत, कुणाच्यातरी समोर, खरोखर वाजत होतं. तिथे श्रोते होते. या चित्रपटातली सगळ्यात भयाण जागा माझ्या मते ही, आणि ती साधायला एका जुन्या तबकडीला टाळ्यांचा एक ट्रॅक जोडलाय.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. पूर्वी मी ठासून सांगायचे की शब्दांकडे लक्ष देऊ नका, बेफिकिरी महत्त्वाची. पण या गाण्याचे शब्द बघा: प्रेयसीला दिलेलं वचन आहे, जन्मभर तुझी आठवण ठेवीन. आलेल्या माणसाला न सोडणाऱ्या हॉटेलात हे गाणं लागलं, तर ते बेफिकीर कसलं? त्याला सगळं ठाऊक आहे. यावर पूर्वीची मी म्हणेन, तो अर्थ प्रेक्षक मागाहून लावतो, काटा आधी येतो. त्यावर आताची मी म्हणते, इंग्रजी शब्द आपल्या कानावरून नुसते वाहून जातात म्हणून तुला तसं वाटतं. मराठी गाणं लाव, पहिल्या ओळीला प्रेक्षक शब्द पकडतो की नाही बघ. दोघींचंही म्हणणं मला पटतं.

आता हाताने करायच्या गोष्टी. "खरखर टाकली की झालं" याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून तिथूनच सुरुवात.

७८ ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, सेकंदाला १.३ फेरे घेते. एक फेरा ०.७७ सेकंदाचा. आडवा ओरखडा असेल तर "टक्" दर ०.७७ सेकंदाने येते. मधलं भोक जरासं सरकलेलं असेल तर सूरही त्याच चालीने वरखाली होतो. प्लगइनमध्ये (आवाजावर परिणाम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) सूर डोलण्याचा वेग १.३ हर्ट्झ ठेवा, डोलण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत. ३३⅓ च्या एलपीला हाच वेग ०.५६ हर्ट्झ लागतो. पडद्यावर ७८ ची तबकडी फिरतेय आणि टकटक भलत्याच चालीत येतेय, तर प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण विश्वास उडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गाणं मोनोमध्ये मधोमध आणि खरखर स्टिरिओमध्ये डावी-उजवीकडे पसरलेली. खरखर गाण्याच्या खोबणीतूनच येते. दोन्ही एकाच बसमधून (मिक्सरमधल्या एकाच सामाईक वाटेने), मोनो, एकाच फिल्टरखाली न्या. तिशीच्या दशकातल्या मुद्रणासाठी साधारण २५० हर्ट्झच्या खालचं आणि ४,५०० च्या वरचं कापलं की पुरतं. कर्ण्याच्या काळातलं हवं असेल तर वरची मर्यादा २,०००-२,५०० पर्यंत उतरवा.

वेगाबद्दल: ६ टक्के मंद केलं की सूर जवळजवळ एक अर्धस्वर उतरतो. ३ टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही, आवाज फक्त जरा जड होतो. ६ च्या पुढे गायक गुंगीत गातोय असं वाटू लागतं. मात्र जो वेग ठरवाल तो दृश्यभर तोच ठेवा. ऐन घाबरवण्याच्या क्षणी गाणं घसरत घसरत मंद करणं ही ट्रेलरवाल्यांची सवय आहे आणि ती मला मान्य नाही. गाणं मंद झालं की त्याने बाजू घेतली. आता तेही प्रेक्षकाला सांगतंय, "घाबर". तिथेच गाणं अचानक तोडणंही तसंच. घटनेच्या आधी निदान अर्धा मिनिट गाणं नीट ऐकू द्या, कान त्यात रुळू द्या, आणि घटना घडून गेल्यावरही वाजू द्या.

जागा मात्र प्लगइनने येत नाही. ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्चने 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटासाठी (१९७३) गाणी खऱ्याखुऱ्या जागांत स्पीकरवर वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली होती. तेच घरी करा. चार-पाच इंची स्पीकर वायरने जोडा, कारण ब्लूटूथने आवाज मागे पडतो आणि काही स्पीकर शांत जागी आपोआप झोपतात. स्पीकर जिन्यात किंवा न्हाणीघरात ठेवा, रेकॉर्डर दोन-तीन मीटरवर, दाराच्या अलीकडे. फ्रिज आणि एक्झॉस्ट फॅन बंद. ट्रॅकच्या सुरुवातीला एक टाळी घालून ठेवा, नंतर जुळवायला लागते. दार बंद, दार अर्धवट, दार सताड, असे तीन पूर्ण टेक घ्या, आणि गाण्याशिवाय मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या रिकाम्या जागेचा स्वतःचा आवाज. मग कॅमेरा सरकेल तसं एका टेकमधून दुसऱ्यात विरघळत जा. 'द शायनिंग'मधल्या लाल स्वच्छतागृहात नायक आणि एक वाढपी खुनाबद्दल अदबीने बोलतात तेव्हा पलीकडच्या हॉलमधला बँड असाच भिंतीतून येत राहतो. संवादाखाली गाणारा आवाज ठेवू नका. गाण्याचे आणि संवादाचे शब्द एकाच पट्ट्यात भांडतात. वाद्यांचा तुकडा निवडा किंवा संवाद गाण्याच्या दोन ओळींच्या मधे बसवा.

अंतराची ही किमया आपल्याकडे १९४९ मध्ये, मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'महल'साठी साधली गेली. 'आएगा आनेवाला'च्या मुद्रणाला लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या. तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं पात्राचं, कामिनी. ते गाणं चित्रपटासाठीच बांधलेलं होतं, उसनं नव्हतं, म्हणून ते या प्रश्नाचं थेट उत्तर नाही. पण लांबून जवळ येणारा आवाज काय करतो ते त्याच्याइतकं स्वच्छ कुठेच ऐकायला मिळत नाही.

आपली खरी अडचण वेगळी आहे. परदेशातली तिशीतली नाचाची गाणी रोजच्या कानातून गेली होती, म्हणून त्यांची भुतं झाली. आपली पन्नास-साठची गाणी गेलेलीच नाहीत. ती रेडिओवर, रिक्षात, लग्नाच्या बँडवर रोज वाजतात. ती लावली की प्रेक्षक गुणगुणू लागतो. तेव्हा त्याच्याही मागे जा. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायजबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्या काळच्या तिच्या तबकड्यांवर गाणं संपताच ती खड्या आवाजात इंग्रजीत आपलं नाव सांगते. तीन मिनिटांच्या गाण्यानंतर एक माणूस एकदम समोर येऊन उभा राहतो. शेवटचे ते दोन सेकंद कापून टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कापू नका.

"मग पेंडेरेत्स्की का चालतो? तो तर बेफिकीर नाही." बरोबर, तो उलट्या टोकाचा आहे. ५२ तंतुवाद्यांसाठीच्या त्याच्या 'थ्रेनडी' या शोकरचनेत (२४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास) वादक वाद्याचा सगळ्यात उंच स्वर काढतात, घोडीच्या पलीकडे गज फिरवतात, लाकडावर टकटक करतात, आणि पाव स्वरांच्या अंतराने एकमेकांना चिकटून उभे राहतात. कानाला टेकायला षड्ज सापडत नाही. असं संगीत दृश्याखाली अंथरायचं असतं, खोलीत वाजवायचं नसतं. त्याची लांबी बदलता येत नाही, म्हणून दृश्य त्याच्यावर कापावं लागतं.

आणि या रचनेचं पूर्ण नाव हिरोशिमाच्या बळींना अर्पण आहे. भुताच्या दारामागे ती लावणं मला सहन होत नाही. संगीतकाराने आधी नुसता कालावधी हेच शीर्षक दिलं होतं, अर्पण नंतरचं, हे मला माहीत आहे आणि तो युक्तिवाद मी स्वतःही केला आहे. 'ट्विन पीक्स'च्या २०१७ च्या मालिकेत आठव्या भागात ती १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुस्फोटावर येते, तिथे मला ती हक्काची वाटली. मग हक्क नावाने ठरतो की सुरांनी? याचं उत्तर माझ्याकडून मागू नका.

कायदेशीर हक्काचं मात्र सांगता येतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, चाल आणि शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही वेगवेगळे तपासा. बार्टोक १९४५ मध्ये गेला, त्याची चाल इथे मोकळी आहे, पण तुम्ही उतरवलेली प्रत एखाद्या अलीकडच्या वाद्यवृंदाची असेल तर ती मोकळी नाही. पेंडेरेत्स्की २०२० मध्ये गेला, त्याच्यासाठी परवानगीला पर्याय नाही. अमेरिकेचा हिशोब आणखी निराळा, आणि ऑनलाइन टाकलेली फिल्म तिथेही दिसते. जुनी तबकडी स्वतः डिजिटल करून घेतली असेल तर लेबलचा आणि मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकाचा (त्या मुद्रणाच्या ओळखक्रमांकाचा) स्पष्ट फोटो काढून ठेवा. त्याच गाण्याच्या नव्या, साफ केलेल्या प्रतीवरून तुमच्या फिल्मवर आपोआप कॉपीराइटचा दावा पडला, तर तुमचा आवाज वेगळ्या मूळ प्रतीतून आलाय हे दाखवायला तोच कामी येतो.