बायकोचा पीसी

"वहिनी गेम खेळणार? मुलासाठी घेताय म्हणा ना सरळ!" लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ग्राफिक्स कार्डचं बिल करता करता हसला. मीही हसलो. ठाणे स्टेशन येईपर्यंत त्याचं नाही, माझंच हसणं मला टोचत राहिलं.

हिचं माहेर जव्हारचं. म्हणून कॅबिनेटवर वारली काढायचं ठरवलं. गेरूच्या रंगाचे दोन हात मारले, वाळू दिले, मग पांढऱ्या ॲक्रिलिकने माणसं. मूळ चित्रं तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढतात. मीही ब्रश ठेवून दिला आणि काडी घेतली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की कंबर तयार होते, माणूस उभा राहतो. समोरच्या १२० मिलिमीटरच्या पंख्याभोवती हातात हात गुंफलेला तारपा नाच काढला. जाळीला मात्र रंग लागू दिला नाही, छिद्रं बुजली तर थंड हवा आत शिरणार कुठून?

रविवारी पीसी पहिल्यांदा सुरू केला. ती बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, "नाचाच्या मध्ये तारपावाला हवा ना रे?"

तेवढ्यात पंखा फिरायला लागला. "हाच की तुझा तारपावाला," मी म्हणालो. तारपाही फुंकरीवरच वाजतो.

ती खुदकन हसली आणि हेडफोन चढवून खेळायला बसली.

"बायकोसाठीच घेतोय, ती माझ्यापेक्षा भारी खेळते." एवढं साधं वाक्य मला त्या काउंटरवर का बोलता आलं नाही?