एच. पायलोरीच्या श्वास चाचणीचा अभ्यास : माझा अनुभव

जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू एंडोस्कोपी न करता, नुसत्या श्वासावरून किती खात्रीने ओळखता येतो, हे तपासणारा अभ्यास आमच्या विभागात झाला. समन्वयाचं काम माझ्याकडे होतं. असा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण आधी यंत्राची चौकशी करतात. यंत्र क्वचितच दगा देतं. निकाल बिघडतात ते रुग्णाच्या पिशवीतल्या गोळ्यांनी, आणि ‘जंतू आहे’ असं कशावरून म्हणायचं हे आधी न ठरवल्याने.

म्हणून प्रोटोकॉल लिहिताना पहिलं काम संदर्भ-निकषाचं, म्हणजे श्वास चाचणी कशाशी ताडून पाहायची ते ठरवण्याचं. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं, हा सर्वांत ठाम पुरावा, पण हा जंतू कमी ऑक्सिजनमध्ये आणि फार सावकाश वाढतो. 1982 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांना तो पहिल्यांदा वाढवता आला, तो ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून. त्याआधीच्या प्लेटा दोन दिवसांत फेकल्या जात होत्या. रोजच्या कामात प्रत्येक रुग्णाचं कल्चर जमत नाही. आम्ही बायोप्सीच्या दोन चाचण्या एकत्र धरल्या: रॅपिड युरिएज टेस्ट (युरिएज म्हणजे जंतूचं युरिया फोडणारं एन्झाइम) आणि पॅथॉलॉजी, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. दोन्ही पॉझिटिव्ह तर जंतू आहे, दोन्ही निगेटिव्ह तर नाही. एक हो आणि एक नाही म्हणाली तर रुग्ण ‘अनिश्चित’ गटात. या गटाचं विश्लेषणात काय करायचं ते पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवावं. निकाल हाती आल्यावर ठरवलं की मन आपोआप सोयीच्या बाजूला झुकतं.

रुग्णसंख्येचं गणित सोपं आहे. संवेदनशीलता, म्हणजे जंतू असलेल्यांपैकी चाचणी किती जणांना ओळखते ते प्रमाण, 95 टक्के अपेक्षित धरली आणि दोन्ही बाजूंना 5 टक्क्यांची फट चालणार असेल, तर जंतू असलेले 73 रुग्ण लागतात. येणाऱ्यांपैकी निम्म्यांत जंतू सापडेल असं धरलं की 146, आणि 10 टक्के गळती धरून 163. इथे गफलत होते ती 73 हाच एकूण आकडा समजण्यात. निदान-चाचणीच्या अभ्यासाचा अहवाल लिहायला स्टार्ड 2015 ची 30 मुद्द्यांची यादी आहे. ती सुरुवातीलाच समोर ठेवली तर कोणता रुग्ण कुठे गळला याचा तक्ता पहिल्या दिवसापासून भरता येतो. शेवटी जुने केसपेपर उपसून तो तक्ता नीट होत नाही.

नीतिसमितीचा खरा प्रश्न एकच असतो: चाचणीसाठी आम्लरोधक औषध (पँटोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी) दोन आठवडे बंद ठेवणं सुरक्षित आहे का? उत्तर सगळ्यांसाठी ‘हो’ नाही. नुकताच अल्सरमधून रक्तस्राव झालेले आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल एकत्र घेणारे रुग्ण आम्ही वगळले, आणि ते कारणासकट लिहिलं. संमतीपत्र मराठी आणि हिंदीत लागतं. वाचता न येणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, म्हणजे वॉर्डातली सिस्टर चालत नाही. मंजुरीनंतर सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत नोंद. 1 एप्रिल 2018 पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते, त्यामुळे क्रमांक हातात येईपर्यंत एकाही रुग्णाची सही घेऊ नये. नोंदवहीकडून शंका येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात. तेवढा वेळ वेळापत्रकात धरावा.

आता गोळ्या. पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल वगैरे औषधं जंतू मारत नाहीत, पण त्याची संख्या आणि युरिएजचं काम दोन्ही कमी करतात, आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. म्हणून ही औषधं 2 आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथ (या जंतूवरच्या कोर्समधलं एक औषध) 4 आठवडे बंद हवीत. ‘आम्लरोधक घेता का?’ असं विचारलं की बरेच जण ‘नाही’ म्हणतात. ‘सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेता का?’ विचारलं की खिशातून पाकीट निघतं. तेवढ्यावरही थांबू नये. सांधेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर रॅबेप्रॅझोल आधीच मिसळलेलं असतं, आणि जुलाब किंवा सर्दी-खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेला तीन दिवसांचा कोर्स रुग्ण ‘अँटिबायोटिक’ म्हणून मोजतच नाही. सगळ्या पट्ट्या घेऊन या, रिकाम्याही, असं सांगणं हाच उपाय.

दुसरी अडचण गोळी बंद केल्यावरची. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली की आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं, छातीत जळजळ वाढते आणि रुग्ण गुपचूप पुन्हा सुरू करतो. त्याला हे आधीच सांगावं. मधल्या काळात पातळ अँटासिड चालतं. फॅमोटिडीन, म्हणजे आम्ल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी, आम्ही चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत चालू दिलं. साधारण आठवड्याने एक फोन करावा आणि ‘गोळी घेतली नाही ना?’ असं न विचारता ‘किती वेळा घ्यावी लागली?’ असं विचारावं. उत्तर खरं मिळतं. घेतली असेल तर रागावू नये, तारीख पुढे ढकलावी.

चाचणीच्या दिवशी 6 तास उपाशी. आधी श्वासाची पहिली पिशवी. मग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात कार्बन-13 ची (कार्बनच्या किंचित जड प्रकाराची) खूण असलेला 75 मिलिग्रॅम युरिया. जंतू असेल तर त्याचं युरिएज हा युरिया फोडतं आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. सायट्रिक अ‍ॅसिड चवीसाठी नसतं: त्याने जठर सावकाश रिकामं होतं आणि जंतूच्या युरिएजला काम करायला वेळ मिळतो. नंतर 30 मिनिटं एका जागी बसायचं, कारण चालण्याफिरण्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि खुणेचा वायू पातळ होतो. मग दुसरी पिशवी. फुंकण्याआधी श्वास काही सेकंद धरायचा, पहिली हवा बाहेर सोडायची आणि उरलेली पिशवीत भरायची. पहिली हवा घशातली आणि श्वासनलिकेतली असते. ती भरली तर कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि यंत्र नमुना नाकारतं. दोन पिशव्यांतल्या कार्बन-13 च्या प्रमाणातला फरक हजारी 4 च्या वर गेला की पॉझिटिव्ह धरायचं, असा आमचा कटऑफ होता.

उपाशी राहण्याचं एक कारण आपल्याकडे विशेष महत्त्वाचं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या पिकांत कार्बन-13 चं प्रमाण गहू-तांदळापेक्षा नैसर्गिकरीत्याच जास्त असतं. भाकरी खाऊन किंवा बाहेरच्या टपरीवर साखरेचा चहा घेऊन आलेल्या माणसाच्या श्वासातलं हे प्रमाण चाचणी चालू असतानाच वर सरकतं. पहिली पिशवी वजा केल्याने स्थिर फरक जातो, सरकणारा जात नाही. कटऑफच्या आसपासच्या रुग्णात निकाल उलटायला एवढं पुरतं. म्हणून ‘जेवलात का?’ याबरोबर ‘चहा?’ हा प्रश्न वेगळा विचारावा. कित्येकांच्या लेखी चहाने उपास मोडत नाही.

पिशव्यांची अदलाबदल झाली तर पॉझिटिव्ह रुग्णात आकडा मोठा उणे येतो. निगेटिव्ह रुग्णात फरक शून्याजवळच असल्याने अदलाबदल कळत नाही, पण निकालही बदलत नाही. ठळक उणे आकडा दिसला की चिन्ह बदलून पॉझिटिव्ह नोंदवण्याचा मोह टाळावा आणि चाचणी पुन्हा करावी.

एंडोस्कोपी त्याच दिवशी, श्वास चाचणीनंतर. जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे अँट्रममधून, एक आणि वरच्या भागातून एक तुकडा युरिएज टेस्टला. पॅथॉलॉजीसाठी सिडनी पद्धतीने पाच तुकडे: अँट्रमचे दोन, वरच्या भागाचे दोन, मधल्या कोनातला एक. वरच्या भागातून घेणं टाळू नये. पित्ताच्या गोळीचा असर उरला असेल तर जंतू अँट्रममधून हटून तिथेच सापडतो. क्रमही महत्त्वाचा. फॉर्मॅलिनच्या (पॅथॉलॉजीचे तुकडे टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बुडालेल्या चिमट्याने घेतलेला तुकडा युरिएज टेस्टला निकामी, म्हणून आधी टेस्टचे तुकडे, मग फॉर्मॅलिनचे. युरिएज टेस्टच्या जेलचा पिवळा रंग गुलाबी झाला तर पॉझिटिव्ह. तासाने पाहावं आणि 24 तासांनंतर आलेला रंग मोजू नये, कारण युरिएज असलेले दुसरे जंतूही तोवर रंग आणतात. पॅथॉलॉजिस्टना श्वास चाचणीचा निकाल कळता कामा नये. फॉर्मवर रुग्णाचा अभ्यास-क्रमांक तेवढाच.

पॉझिटिव्ह रुग्णांना 14 दिवसांचे उपचार. बिस्मथच्या चार औषधांच्या कोर्सला टेट्रासायक्लीन लागतं, ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून पूर्ण कोर्स आम्हीच हातात द्यायचो. बिस्मथने शौच काळी होते हे सांगितलं नाही, तर रक्त पडतंय या भीतीने लोक तिसऱ्या दिवशीच औषध सोडतात. मेट्रोनिडाझोलने तोंड कडवट होतं आणि दारू पूर्ण बंद, हेही त्याच वेळी सांगावं. जंतू गेला का हे पाहायला रक्तातली अँटिबॉडी कामाची नाही, ती बरेच महिने टिकते. पुन्हा श्वास चाचणीच करायची, कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी, आणि पित्ताची गोळी त्याआधीचे 2 आठवडे पुन्हा बंद. या दोन तारखा, कोर्स संपण्याची आणि गोळी थांबवण्याची, औषधाच्या पिशवीवरच मार्करने लिहून द्याव्यात. फाइलमधला कागद घरी कोणी उघडत नाही.