बाटली क्रमांक 14

हवाई बेटावरच्या कालापानाला डांबरी रस्ता एकाएकी काळ्या लाव्ह्याखाली शिरतो आणि संपतो. तिथून पुढे खडीचा कच्चा रस्ता, आणि त्याच्या कडेला आंटीचं घर. हवाईत वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, नातं असो वा नसो. आपण मावशी म्हणतो तसंच. घर खांबांवर उभं, छपरावर सोलर, शेजारी पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी. तिचं आधीचं घर याच जागेवर होतं. म्हणजे खरं तर याच्या बरोबर खाली. 1990 साली किलाउएया ज्वालामुखीचा लाव्हा कालापाना गावात शिरला. शंभराहून जास्त घरं गेली, काइमूचा काळ्या वाळूचा किनारा पन्नास फुटांहून जाड थराखाली गाडला गेला. आंटी तेव्हा पस्तिशीची होती. काही वर्षांनी ती परत आली आणि गार झालेल्या दगडावर तिने नवं घर बांधलं.

2022 च्या मार्चमध्ये तिच्या परवानगीने आम्ही तिच्या आवारात गाडी लावली. काम होतं लाव्ह्यावरच्या रातकिड्यांची मोजदाद. त्या एका रात्रीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

हा रातकिडा म्हणजे काकोनेमोबियस फोरी. अंगठ्याच्या नखाएवढा, काळपट, पंख अजिबात नसलेला. आपल्याकडे रातकिडा म्हटलं की आधी किर्रर्र ऐकू येतं. ते पंखावर पंख घासून केलेलं गाणं असतं. याला पंखच नाहीत, त्यामुळे हा जन्माचा मुका. राहतो कुठे, तर जिथे गवताची एक काडीही उगवलेली नाही अशा कोऱ्या लाव्ह्यावर. दगड निवून काही महिने झाले की हा हजर होतो. आणि पुढे नेचे आले, ओहिया या इथल्या झाडाची रोपं आली, हिरवळ धरू लागली, की हा तिथून नाहीसा होतो. पाठ्यपुस्तकात मी उलटा क्रम शिकले होते: आधी दगडफूल, मग शेवाळ, मग झाडं, मग झाडं खाणारे किडे, मग किडे खाणारे कोळी. इथे झाडाच्या आधी किडा येतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य परत वाचलं होतं.

मग हा खातो काय? उत्तर होनोलुलूच्या बिशप म्युझियममधले कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांनी 1979 साली मांडलं: वारा आणील ते. दूरच्या रानातून उडत आलेली पानांची चुरी, परागकण, वाऱ्याने भरकटून आलेल्या माश्या, पाकोळ्या, मावा. हे सगळं लाव्ह्याच्या भेगांमध्ये साचतं, आणि तिथेच थोडा ओलावाही टिकतो. वरून पाहिलं तर जळका माळ, आणि भेगेच्या तोंडाशी रोज रात्री पंगत.

अशीच गोष्ट इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटाचीही आहे. ऑगस्ट 1883 मध्ये ते बेट फुटलं, उरलेल्या तुकड्यावर राखेशिवाय काही नव्हतं. मे 1884 मध्ये एदमों कोतो हा फ्रेंच माणूस तिथे उतरला, आणि त्याला सापडला फक्त एक बारीकसा कोळी, जाळं विणत बसलेला. रिकाम्या बेटावर जाळं कशाला, असं वाटेल. पण तो कोळी स्वतः वाऱ्यावरच आला होता. लहान कोळी उंच टोकावर चढून, पोट वर करून, रेशमाचा धागा सोडतात आणि उडून जातात. ज्या वाऱ्याने त्याला आणलं, तोच वारा त्याचं जेवणही आणणार होता.

संध्याकाळी निघालो. मी आणि माझा सहकारी, तो याच बेटावरचा. निघण्याआधी त्याने एक काम करायला लावलं. चॉपस्टिकच्या टोकांना शेंगदाण्याचं लोणी फासून त्या गाडीत, पाठपिशव्यांत आणि आंटीच्या झाडांच्या बेचक्यांत तासभर ठेवायच्या. ही लिटल फायर अँट नावाच्या मुंगीची चाचणी. हवाईत मूळची एकही मुंगी नाही. आज जवळपास साठ जाती आहेत, त्या सगळ्या माणसाच्या सामानातून, रोपांच्या कुंड्यांतून आलेल्या. ही जात हवाई बेटाच्या याच, पुना नावाच्या भागात 1999 साली पहिल्यांदा सापडली. दोन मिलिमीटरसुद्धा नाही, पण चावली की दिवसचे दिवस आग. कोकणात ओंबील अंगावर पडल्यावर काय होतं ते ज्याला माहीत आहे, त्याने ते मनात आणावं. आमच्या पिशव्या स्वच्छ निघाल्या. आंटीच्या एका पपईवरची चॉपस्टिक मात्र नारिंगी ठिपक्यांनी भरली होती. तिने ती पाहिली, आणि काही न बोलता उकळतं पाणी आणायला आत गेली.

तासभर कच्च्या रस्त्याने चाललो. सगळीकडे कोकी बेडकांचा आवाज. पोर्तो रिकोतून रोपांबरोबर आलेले हे इवलेसे बेडूक; अंधार पडला की को-की, को-की असा गलका करतात की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. 1990 च्या लाव्ह्यावर आता नेचे आहेत, ओहियाची झुडपं आहेत, म्हणून बेडूकही आहेत. मग आम्ही रस्ता सोडून 2016-17 च्या लाव्ह्यावर चढलो. पाच पावलं, दहा पावलं, आणि आवाज मागे राहत गेला. शंभर-दीडशे पावलांवर नुसता बुटांखाली काचेसारखा चुरचुरणारा दगड. इतकी मुकी जमीन मी कधी अनुभवली नव्हती.

हा लाव्हा पाहोएहोए जातीचा. हवाईचाच शब्द, आता जगभरचे भूशास्त्रज्ञ वापरतात. काकवी ओतल्यावर साय धरते आणि त्या सायीला वळ्या पडतात, तसा पृष्ठभाग. माझं बालपण जुन्नरजवळ गेलं. आमच्या घराचा पाया, विहिरीचं बांधकाम, पाटा-वरवंटा, सगळं याच काळ्या दगडाचं. पाट्याला टाकी लावणारी बाई वर्षातून एकदा यायची आणि तिच्या छिन्नीखालून उडणारी कपची मी गोळा करायचे. तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा पाच वर्षांपूर्वीचा. बाहेरचा कोट काचेचा, चांदीसारखा चमकणारा. पण फुटलेल्या कडेवर आतला रंग तोच, आणि हातात घेतल्यावर वाटतं तेही तेच. त्या रात्री एक तुकडा मी बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग होता तिथेच ठेवला. इथला दगड उचलून नेऊ नये, तो पेलेचा. पेले ही ज्वालामुखीची देवी. या रातकिड्याचं हवाई भाषेतलं नावही तिच्यावरूनच आहे: उहिनी नेने पेले.

सापळा अगदी साधा. बाटली, तळाशी वास मारणाऱ्या चीजचा तुकडा, आणि बाटलीचं तोंड भेगेच्या कडेला टेकवलेलं. हिरव्या कडेपासून आत आत जात वीस बाटल्या लावल्या, प्रत्येकीवर क्रमांक. मग दिवे विझवून बसलो.

अंधारात एका जागी बसणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. मध्यरात्रीनंतर मी कपाळावरचा दिवा एकदाच फिरवला, तर वीसेक फुटांवर दोन हिरव्या ठिणग्या चमकल्या. लांडगा कोळी. याचे डोळे प्रकाश परत फेकतात. जवळ गेले तर तिच्या पाठीवर पिल्लांचा ढीग. जाळं न विणता पळत शिकार करणारी ही आई, पाच वर्षांच्या दगडावर सगळा संसार पाठीवर घेऊन उभी होती. रातकिडे आहेत म्हणूनच ती तिथे होती.

याच लांडगा कोळ्यांच्या कुळातला एक कोळी काउआई बेटावर लाव्ह्याच्या भुयारांत राहतो. त्या कुळाची ओळखच मोठे डोळे, आणि याला डोळेच नाहीत. काउआई जुनं, सुमारे पन्नास लाख वर्षांचं. हे हवाई बेट दहा लाखांचंही नाही. पॅसिफिकचं कवच वायव्येकडे सरकत राहतं, खाली जिथून लाव्हा वर येतो तो तप्त ठिपका जागेवरच असतो, त्यामुळे बेटं एकामागून एक जन्मतात आणि रांगेने पुढे जातात. जवळचा खंड साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. एवढ्या पाण्यावरून एखादा जीव पोचणं ही फार क्वचित घडणारी गोष्ट. पण जो पोचला त्याला सगळं रान मोकळं. टेट्राग्नाथा प्रजातीचे कोळी जगभर पाण्याकाठी गोल जाळी विणतात. हवाईत त्यांच्या एका शाखेने जाळं विणणं सोडूनच दिलं, पायांवर लांब काटे वाढवले आणि रात्री पानापानांवर हिंडून शिकार सुरू केली. त्यांतले काही हिरवे, काही तपकिरी, ज्याला जशी जागा मिळाली तसा.

आणि आमचा रातकिडा? त्याच्या कुळातले भाऊबंद समुद्राच्या लाटा आपटतात त्या खडकांवर राहतात, हवाईतही आणि जपानच्या किनाऱ्यावरही. खारं पाणी, उघडा दगड, लाटेने आणून टाकलेलं खाणं. ज्याला हे जमलं, त्याला ताजा लाव्हा फारसा परका नव्हता. लाटेच्या जागी वारा, एवढाच फरक. काही जण तिथून आणखी आत, लाव्ह्याच्या भुयारांत उतरले. उष्ण कटिबंधातल्या सागरी बेटांवर अस्सल गुहावासी जीव नसतातच, असं 1971 पर्यंत मानलं जाई. हॉवर्थ त्या वर्षी भुयारांत उतरले आणि ते मत मोडलं. माउई बेटाच्या भुयारातल्या रातकिड्याला त्यांचंच नाव आहे, काकोनेमोबियस हॉवर्थी.

पहाटे साडेपाचला बाटल्या उचलायला सुरुवात केली. क्रमांक 1, हिरव्या कडेलगतची: मुंग्या. 2: मुंग्या. 3 मध्ये मुंग्या आणि एक रातकिडा, नुसतं धड, पाय तोडलेले. सहकारी बराच वेळ ती बाटली डोळ्यांसमोर धरून उभा होता. तीन बाटल्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. रातकिडा आधी मेला आणि मग मुंग्या आल्या, असंही असू शकतं. पण मुंग्यांविना लाखो वर्षं घडलेल्या जिवाकडे मुंग्यांविरुद्ध काय असणार, हा विचार मला अजून सोडत नाही. 4 ते 13 रिकाम्या. मला वाटलं, झालं, रात्र फुकट गेली.

14 मध्ये ती होती. जिवंत, मिशा हलवत. अंडी घालायची तलवारीसारखी नळी मागे, म्हणजे मादी. आत ना मुंगी ना कसला कचरा. आजूबाजूला चारही दिशांना दोनशे पावलं काळा दगड. मला रडू आलं, आणि सहकाऱ्याने समजून तोंड दुसरीकडे वळवलं.

परवान्यात एक बाटली आंटीला दाखवायला नेण्यास हरकत नव्हती. तिने कालच म्हटलं होतं, काही सापडलं तर मला बघू द्या. तिने चष्मा लावला, बाटली उजेडाकडे धरली.

"ही तिथे राहते? त्या मोकळ्या दगडावर?"

"हो आंटी. सगळ्यांत आधी हीच येते."

"मग इथेही आली असेल. माझ्या घरावर."

मी म्हटलं, नव्वद साली लाव्हा निवल्यावर आलीच असणार. आता नेचे उगवलेत, म्हणून इथे राहिली नसेल. तिने खाली पाहिलं, पायाखालच्या दगडाकडे. "त्या वर्षी मला वाटायचं, तिथे कुणी म्हणजे कुणी नाही. रात्री झोप लागायची नाही या विचाराने. स्वयंपाकघर, आईचं शिवणयंत्र, सगळं त्या अंधारात एकटं." मग हळूच, "पोरी, म्हणजे कुणीतरी होतं."

मला उत्तर सुचलं नाही.

पायरीशी तिने अंकुर फुटलेले चार नारळ ठेवले होते. कालापानाची माणसं वर्षानुवर्षं असे नारळ नव्या किनाऱ्यावर नेऊन लावतात. जुनं माडबन गेलं, त्याच्या जागी हे. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून दोन नारळ मी घेतले, दोन सहकाऱ्याने. भेगेत जागा बघायची, टोपलीतून आणलेली माती भरायची, नारळ आडवा बसवायचा, भोवती काळी वाळू दाबायची. ती सांगत होती, आम्ही करत होतो. त्या भेगेत हात घालताना मी आधी दिवा लावून आत पाहिलं. कुणी नव्हतं.

मग परत तासभर चालत जाऊन, जिथून उचलली त्याच भेगेशी बाटली आडवी केली. ती लगेच बाहेर आली नाही. काठावर थांबली, मिशांनी दगड चाचपला आणि आत गेली. वहीत नोंद केली: बाटली क्र. 14, मादी 1, मुंग्या 0, सकाळी 9.20 ला जागेवर सोडली.