लाल-कक्का ते सेक एक्स

गणिताची सूत्रं एकदम विसरत नाहीत, ठरल्या क्रमानं जातात. बी.एस्सी.नंतर वर्षानुवर्षं हिशेबाच्या कामात घालवून आता घरबसल्या एम.एस्सी.ला नाव घातलं, तेव्हा हा क्रम नीट दिसला. एक्सच्या एन घाताचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, अजून झोपेतून उठवून विचारलं तरी येतं: घात पुढे आणायचा, घातातून एक कमी करायचा. साइनचं कॉस होतं, तेही पक्कं. कॉसचं साइन होताना उणे लागतं, हेही आठवतं. पण इंटिग्रेशन करताना, म्हणजे उलट वाटेनं जाताना, ते उणे दोघांपैकी कुणाच्या गळ्यात पडतं, इथे पेन अडतं. आणि एक भागिले एक्सवर्ग वजा एवर्ग, एक भागिले एवर्ग वजा एक्सवर्ग ही जोडी समोर आली, की लॉगमध्ये वर कोण आणि खाली कोण यावर डोक्यात भांडण सुरू होतं.

जे टिकलं ते बहुतेक चालीवर टिकलं. आमच्या ग्वाल्हेरात घरात मराठी आणि गणित हिंदीत, अशी वाटणी. लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांतली पोरं त्रिकोणमिती शिकली ती वर ‘लाल’ आणि खाली ‘कक्का’ लिहून. लंब (उभी बाजू), आधार (पाया), लंब. कर्ण, कर्ण, आधार. झाले साइन, कॉस, टॅन तयार. याला हसू नये. आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि पार औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा मुखोद्गत होता. बाजारात कापडवाला पट्टीवर हात ठेवायच्या आत त्यांचा आकडा तयार असे. साडेतीन सत्ते साडेचोवीस का, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

विस्मरणाच्या या क्रमाला काही कारण असावं. हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल या अमेरिकन संशोधकांनी 1991 मध्ये शाळेतलं गणित माणसाच्या डोक्यात किती वर्षं टिकतं, हे तपासून छापलं. ज्यांनी पुढे कॉलेजात कॅल्क्युलस (हेच डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन) किंवा त्यावरचं गणित केलं, त्यांचं शाळेतलं बीजगणित पन्नासेक वर्षांनंतरही फारसं ढळलेलं नव्हतं. ज्यांनी शाळेनंतर गणित सोडलं त्यांचं, शाळेत मार्क तितकेच चांगले असूनही, धुऊन गेलं होतं. मी यातून माझ्यापुरता अर्थ काढला. कॅल्क्युलसनं माझं बीजगणित वाचवलं; कॅल्क्युलसला वाचवायला त्याच्यापुढचं काही मी केलंच नाही. म्हणून अवयव पाडायला हात लगेच चालतो आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्सला, म्हणजे गुणाकाराच्या इंटिग्रेशनला, चालत नाही.

भाचा बारावीला आहे, फूलबागेकडे क्लासला जातो. माझी वही पाहून म्हणाला, “मावशी, तू हे काय करून राहिली आहेस? शीट पाठवतो ना.” पाठवली. एका पानावर सगळी सूत्रं, रंगीत चौकटींत. अशा शीटबद्दल माझं मत फार चांगलं नाही. बघताना प्रत्येक सूत्र ओळखीचं वाटतं, फोन बाजूला ठेवला की काही उरत नाही. पण बाय पार्ट्ससाठी त्यानं शिकवलेली डीआय मेथड मात्र झकास. एक्सवर्ग गुणिले ई-घात-एक्स घ्या. डाव्या रकान्यात डेरिव्हेटिव्ह घेत उतरायचं: एक्सवर्ग, दोन एक्स, दोन, शून्य. उजव्या रकान्यात इंटिग्रेशन करत उतरायचं: ई-घात-एक्स, आणि तेच पुन्हा पुन्हा. मग तिरकं गुणायचं, चिन्हं अधिक, उणे, अधिक. ई-घात-एक्स गुणिले एक्सवर्ग वजा दोन एक्स अधिक दोन. आम्ही यासाठी अख्खं पान खर्ची घालत असू.

माझं घोडं अडलं ते ‘रूट ए स्क्वेअर मायनस एक्स स्क्वेअर’पाशी. याचं इंटिग्रेशन एका दमात म्हणायचं असे: एक्स बाय टू, रूट ए स्क्वेअर मायनस एक्स स्क्वेअर, प्लस ए स्क्वेअर बाय टू, साइन इनव्हर्स एक्स बाय ए. मधे दम सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. मला दुसऱ्या पदातल्या दोनाची खात्री वाटेना. शीट उघडायची नाही असं ठरवून आकृती काढली. ते वर्गमूळ म्हणजे ए त्रिज्येच्या वर्तुळाची वरची कड. शून्यापासून एक्सपर्यंत तिच्याखालचं क्षेत्रफळ हवंय. केंद्रापासून कडेवरच्या बिंदूपर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि क्षेत्रफळाचे दोन तुकडे पडले. खाली काटकोन त्रिकोण, पाया एक्स, उंची तेच वर्गमूळ. अर्धा गुणिले पाया गुणिले उंची, हे झालं पहिलं पद. वरचा तुकडा केंद्राशी टोक असलेला, पोळीचा कातरून काढावा तसा. त्याचा कोन साइन इनव्हर्स एक्स बाय ए, क्षेत्रफळ अर्धा एवर्ग गुणिले कोन. हे दुसरं पद. एक्सच्या जागी ए घातला की त्रिकोण नाहीसा होतो आणि उरतं पाय एवर्ग बाय चार, म्हणजे बरोब्बर पाव वर्तुळ.

हे कॉलेजात कुणी दाखवलं असतं तर, असं म्हणवत नाही. दाखवलंही असेल. परीक्षेला येत नाही म्हटल्यावर आम्हीच पान उलटलं असेल.

ग्वाल्हेरात राहून गणितावर लिहायचं आणि शून्य टाळायचं, हे काही जमण्यासारखं नाही. किल्ला चढताना वाटेत एकाच दगडात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या 876 सालच्या शिलालेखात 270 आणि 50 मधली शून्यं आहेत. गाइड त्याला जगातलं पहिलं शून्य म्हणतात. कंबोडियातल्या एका लेखातलं शून्य 683 सालचं, म्हणजे आणखी जुनं आहे, पण पाहुण्यांचा विरस कशाला करा! मजकूर मोठा गोड आहे: देवासाठी 187 बाय 270 हातांची बाग, आणि रोज 50 माळा. हे हिशेबातलं निरुपद्रवी शून्य. भागाकारात खाली जाऊन बसलं की ते त्रास देतं, आणि कॅल्क्युलसची सगळी खटपट त्याला खाली बसू न देता त्याच्या जवळ जवळ जाण्याची. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची तात्कालिक गती काढताना हेच केलं. कोनात बारीकसा बदल झाला तर साइनमधला बदल कॉसच्या प्रमाणात होतो, हे तिथे आहे. मला झोपेत येतं, तेच.

राहिलं सेक एक्स, म्हणजे कॉस एक्सचा व्यस्त. त्याचं इंटिग्रेशन लॉग सेक अधिक टॅन, हे मी कधी विसरले नाही आणि मला ते कधी कळलंही नव्हतं. रीत अशी की वर-खाली सेक अधिक टॅननं गुणायचं. का? तर उत्तर येतं म्हणून. यंदा मुळाशी गेले तर निघाले दर्यावर्दी. नकाशाकार मर्केटरच्या 1569 च्या नकाशात अक्षांशांच्या रेघा ध्रुवाकडे जाताना दूर दूर होत जातात. किती दूर, हे सेकच्या बेरजेनं ठरतं. एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञानं ती बेरीज करत करत 1599 मध्ये तक्ता छापला. पुढे 1645 च्या सुमारास हेन्री बाँड या शिक्षकाच्या लक्षात आलं, की हा तक्ता लॉग टॅनच्या (लॉग सेक अधिक टॅनचंच दुसरं रूप) तक्त्याशी जुळतो. का जुळतो, ते त्यालाही सांगता येईना. सिद्धता दिली जेम्स ग्रेगरीनं, 1668 मध्ये, आणि तीही इतकी किचकट की 1670 मध्ये आयझॅक बॅरोनं सोपी करून दिली. म्हणजे वीसेक वर्षं जाणत्या मंडळींनाही उत्तर पाठ होतं, कारण ठाऊक नव्हतं. मला थोडी जास्त लागली इतकंच.

बॅरोची वाट मी स्वतः करून पाहिली. सेक म्हणजे एक भागिले कॉस. वर-खाली कॉसनं गुणलं की खाली कॉसवर्ग, म्हणजे एक वजा साइनवर्ग, आणि त्याचे दोन अवयव पडतात. तिथून पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका अपूर्णांकाचे दोन सोपे तुकडे. इथे ते टिकलेलं बीजगणित कामी आलं, आणि मघाच्या भांडखोर जोडीतली एक, एवर्ग वजा एक्सवर्गवाली, इथेच निवळली. तीच ती, फक्त एक्सच्या जागी साइन.

भाच्याला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. “मस्त आहे मावशी,” म्हणाला, “पण इतकं लिहीत बसलीस तर पेपर सुटेल.”

खरं आहे त्याचं. तीन मार्कांचा प्रश्न असला तर मीही सेक अधिक टॅननंच गुणणार.