आधी हाडं, मग केस : लंडनमध्ये प्राणी रंगवायला शिकताना

प्राण्याचं चित्र काढायला बसलं की हात आधी केसांकडे वळतो. मांजराची लव, घोड्याची आयाळ, कुत्र्याची झुपकेदार शेपटी. दोन तास बारीक ब्रशने रेघा ओढल्या की कागदावर कापूस भरलेली उशी तयार होते आणि पाय तिला मागाहून चिकटवल्यासारखे दिसतात. लंडनमध्ये चित्रकला शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे ही सवय मोडायला जे बघावं लागतं, ते बरंचसं इथे विनातिकीट बघायला मिळतं.

सुरुवात नॅशनल गॅलरीतल्या ‘व्हिसलजॅकेट’पासून करावी. जॉर्ज स्टब्जने साधारण १७६२ मध्ये रंगवलेला हा घोडा जवळजवळ तीन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर मागच्या पायांवर उभा आहे. मागे झाडं नाहीत, आकाश नाही, जमीनसुद्धा नाही. खुरांपाशी थोडीशी सावली तेवढी आहे. तरी घोडा तरंगत नाही, त्याचं सगळं वजन मागच्या पायांत उतरलेलं जाणवतं. याचं मूळ लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावात आहे. तिथे स्टब्जने सुमारे १८ महिने मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन केलं. कातडी, मग स्नायूंचा एकेक थर, मग हाडं, असं उलगडत रेखाटनं केली. त्यावरून त्याने स्वतः कोरलेल्या चित्रांचं पुस्तक १७६६ मध्ये निघालं.

नवशिक्याची सगळ्यात नेहमीची चूक मागच्या पायात असते. घोड्याचा किंवा कुत्र्याचा ‘उलटा वाकलेला गुडघा’ हा गुडघा नसतोच, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. चवड्यांवर उभं राहून स्वतःची टाच किती वर जाते ते बघा, सांधा लगेच कळेल. कुत्रा बोटांवर चालतो, घोडा एकाच बोटाच्या नखावर. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट.

दुसरी गोष्ट खांद्याची. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारं गळ्याजवळचं हाड घोड्याला नसतं. छाती दोन फऱ्यांच्या (खांद्याच्या चपट्या हाडांच्या) मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मांजरात ते हाड इवलंसं असतं आणि खांद्याला जोडलेलं नसतं. म्हणून दबकत चालणाऱ्या मांजराचे फरे पाठीच्याही वर येतात. हे माहीत नसलं की पुढचे पाय टेबलाच्या पायांसारखे सरळ ठोकले जातात.

हे सगळं नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या सांगाड्यांसमोर बसून काढावं. पेन्सिल आणि वही पुरते. क्रम असा ठेवा: कण्याची एक रेघ, बरगड्यांचं अंडं, कमरेचा ठोकळा, कवटी, आणि पाय सगळ्यात शेवटी. घोड्याच्या डोक्याची लांबी हे माप धरलं, तर छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत (धडाच्या मागच्या टोकापर्यंत) साधारण अडीच डोकी भरतात आणि खांद्यापाशी उंचीही तेवढीच. म्हणजे मान-डोकं सोडलं तर घोडा चौकोनात बसतो. लक्ष चेहऱ्यावर असल्यामुळे डोकं नेहमी मोठं काढलं जातं. मोजल्याशिवाय ते सापडत नाही.

जिवंत प्राण्यांसाठी रिचमंड पार्क. तिथे सहाशेच्या आसपास हरणं मोकळी फिरतात. किमान ५० मीटर लांब राहायचा नियम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर माजावर असतात, तेव्हा त्याहूनही लांब बसावं. हरीण हललं की चित्र टाकून देऊ नका. एकाच पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या सुरू ठेवा. प्राणी फिरून फिरून त्याच ठेवणीत येतो; मान खाली घातली की पहिली आकृती पुढे न्या, वर केली की तिसरी. फोटो काढायचा तर लांबून झूम करून आणि प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवरून. जवळून फोनने काढलेल्या फोटोत नाक फुगतं, मागचं धड आक्रसतं, आणि ते तसंच चित्रात उतरतं.

रंगाकडे वळताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातला मुघल चित्रकार मन्सूरचा झेब्रा आठवावा. जहांगीरच्या दरबारात आलेला हा प्राणी मन्सूरने १६२१ मध्ये रंगवला. झेब्र्याचे पट्टे म्हणजे शरीराची मोजपट्टीच: तोंडावर बारीक, पुठ्ठ्यावर रुंद, गोलाईबरोबर वळणारे. केसांचंही तेच आहे, ते अंगाच्या वळणाने जातात. म्हणून आधी उजेड आणि सावलीचे तीन-चार मोठे भाग सपाट रंगात लावा, ते वाळू द्या, आणि केस फक्त त्या भागांच्या कडांवर दाखवा. पंख्यासारखा ब्रश सगळीकडे फिरवला की एकसारख्या रेघा पडतात आणि केस विंचरलेल्या टोपासारखे दिसतात. काळ्या प्राण्यासाठी ट्यूबमधला काळा नको, त्याने भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा: उजेडाकडे निळं झुकवा, सावलीत तपकिरी.

डोळ्यावर मात्र वेळ घालवा. घोड्याची बाहुली आडवी असते, उजेडात मांजराची उभी. डोळ्यातला पांढरा भाग सहसा जवळजवळ दिसतच नाही; तो रंगवला की प्राणी घाबरलेला वाटतो, नाहीतर माणसासारखा. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती आधी द्या, मग बुबुळाचा खालचा भाग थोडा उजळ करा. चमकेचा ठिपका शेवटी, एकच, आणि तोही शुभ्र नको. त्यात खिडकीचं किंवा आकाशाचं प्रतिबिंब असतं, म्हणून किंचित निळसर.

डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. पिवळ्या बल्बखाली लावलेला तपकिरी रंग सकाळी भलताच दिसतो, म्हणून हिवाळ्यात रंगकाम दुपारी बाराच्या आसपास उरका आणि संध्याकाळ सांगाड्यांच्या रेखाटनांना द्या.