मार डोक्याला, ईसीजी हार्ट अटॅकचा

डोक्याला जबर मार लागलेला पेशंट. छातीवर ओरखडाही नाही, पण ईसीजीत टी लाटा खोल उलट्या, क्यूटी (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलेलं. अशा वेळी हात सवयीने अ‍ॅस्पिरिन-हेपॅरिनकडे जातो. तो आवरा. डोक्यात ताजा रक्तस्राव असताना रक्त पातळ करणारं औषध जीव घेऊ शकतं.

यात बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात. मेंदूला धक्का बसला की सिम्पॅथेटिक नसा (शरीराला ताणाच्या वेळी सज्ज करणाऱ्या) पिसाळतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन थेट हृदयाच्या स्नायूत ओतलं जातं. पेशींत कॅल्शियम भरतं, तंतू आखडतात आणि सैल होत नाहीत. म्हणून इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसणारी कमजोरी कुठल्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही. बरेचदा हृदयाचा वरचा आणि मधला भाग मंद असतो, टोक मात्र नीट हलतं. पंपिंग खूप घटलेलं आणि ट्रोपोनिन त्या मानाने थोडंच वाढलेलं, ही विसंगती दिसली की संशय मेंदूवर घ्या. हे हृदय सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरतं. तोवर क्यूटीची काळजी घ्यायची: पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम २ च्या आसपास. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि तगमगीसाठी हॅलोपेरिडॉल सहज लिहिली जातात. दोन्ही क्यूटी आणखी लांबवतात.

दुसरी चूक याहून घातक: वाढलेलं बीपी घाईने उतरवणं. बीपी २००, नाडी ४५, श्वास अनियमित. न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं की हा मेंदूचा रक्तासाठीचा आकांत आहे. हिशोब सोपा आहे: सरासरी बीपी ११० आणि कवटीतला दाब ४५, म्हणजे मेंदूला मिळतात ६५. लॅबेटॅलॉल (बीपी उतरवणारं औषध) देऊन सरासरी बीपी ८० वर आणलंत, तर उरतात ३५. मेंदूला लागतात ६० ते ७०. उतरवायचा तो कवटीतला दाब. डोकं ३० अंश वर, मान सरळ, श्वासनळीतल्या ट्यूबची पट्टी आणि कॉलर गळ्याला आवळलेले नाहीत ना ते पाहा. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध) किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम, आणि न्यूरोसर्जनला लगेच फोन. बीपी आधीच पडलेलं असेल तर मॅनिटॉलऐवजी हायपरटॉनिक (जास्त मिठाचं) सलाइन, कारण मॅनिटॉलने लघवी वाढून बीपी आणखी घसरतं. आणि पडलेल्या बीपीचं खापर मेंदूवर फोडण्याआधी पोट, छाती, ओटीपोटाची हाडं तपासा. अपघातात रक्त बहुधा तिथेच गळत असतं.

मेंदू मृत होताना हे वादळ टोक गाठतं आणि मग एकदम ओसरतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हॅसोप्रेसिन (लघवी आवरणारं मेंदूतलं संप्रेरक) आटल्याने लघवीचा पूर येतो. नाडी मंदावली तरी अ‍ॅट्रोपिन काम करत नाही, कारण हृदयाचा वेग कमी करणाऱ्या ज्या व्हेगस नसेला ते अडवतं तिचं मेंदूतलं केंद्रच गेलेलं असतं. इथे थेट हृदयावर काम करून नाडी वाढवणारं आयसोप्रेनालिन लागतं. नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला असेल, तर पहिला इको वाईट आला म्हणून हृदय नाकारू नये, असं मला ठामपणे वाटतं. व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०१ ते ०.०४ युनिट सुरू करा, नॉरअ‍ॅड्रेनालिन जमेल तेवढं उतरवा, द्रव भरून काढा आणि १२ ते २४ तासांनी इको पुन्हा करा.