बँकॉक ते डानांग, मालाच्या वाटेने

बँकॉकहून व्हिएतनाममधल्या डानांगला विमानाने जायला दोन तासही लागत नाहीत. मी मात्र ठरवून जमिनीवरून गेलो: थायलंड, मग आडवा लाओस, मग व्हिएतनामचा किनारा. माझं काम न्हावाशेव्याला कंटेनर सोडवण्याचं. त्यामुळे दुसऱ्यांच्या सीमेवर माल कसा हलतो हे डोळ्यांनी पाहायची इच्छा फार दिवसांची होती. या वाटेने जाणारी मराठी मंडळी कमी आहेत. जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल ते सगळं इथे लिहितो.

सुरुवात नोंगखाईची, म्हणजे लाओसच्या सीमेवरच्या थाय गावाची. बँकॉकच्या क्रुंग थेप आफिवात स्टेशनवरून रात्रीची गाडी घ्या. जुलै २०२४ पासून हीच गाडी थेट लाओसमध्ये, राजधानी व्हिएन्तियानच्या खामसावात स्टेशनपर्यंत जाते. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का नोंगखाई स्टेशनवर बसतो. तिथे सामानासकट उतरावं लागतं, म्हणून बॅगा आटोपशीर ठेवा. खालचा बर्थ आधीच बुक करा, वरच्या बर्थवर उंच माणसाला पाय पसरता येत नाहीत.

मी नोंगखाईलाच उतरलो, कारण मला मेकाँगवरचा पूल बसने ओलांडायचा होता. हा पहिला थाय-लाओ मैत्री पूल १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बांधला गेला. पुलाच्या मधोमध रेल्वेचा रूळ आहे आणि गाडी आली की पुलावरची सगळी वाहनं थांबवतात. थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. पुलाच्या लाओ टोकाला सिग्नलवर सगळी वाहनं एकमेकांना छेदून बाजू बदलतात. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर तिथे सावकाश वळताना पाहिला. ड्रायव्हर थाय, स्टिअरिंग उजवीकडे, आणि समोर आता सगळं उलट. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रोजचंच काम.

भारतीयांना लाओसचा व्हिसा या पुलावर मिळतो. पासपोर्ट फोटो आणि कोरे करकरीत डॉलर जवळ ठेवा, चुरगळलेली किंवा फाटकी नोट परत करतात. सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या वेळेबाहेर थोडी जादा फी पडते, तेव्हा सुटे पैसे हाताशी असू द्या.

पुलापासून जवळच थानालेंग आहे. पर्यटकाला तिथे पाहण्यासारखं काही नाही, पण माझ्या मते अख्ख्या प्रवासातली ही सर्वांत महत्त्वाची जागा. थायलंडहून येणारा रूळ मीटर गेजचा, म्हणजे एक हजार मिलिमीटरचा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजची. दोन्ही रूळ इथे एकमेकांच्या शेजारी येतात, पण डबा एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. प्रत्येक कंटेनर उचलून पलीकडे ठेवावा लागतो. त्यासाठीच इथे ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून लांब जमिनीवरचं बंदर, उभारलं आहे. आत जायला परवानगी लागते, मी कुंपणाबाहेरूनच पाहिलं. रीच स्टॅकर, म्हणजे कंटेनर उचलणारं यंत्र, एक शीतकंटेनर उचलत होतं. दुरियान या फळाचा हंगाम होता आणि थायलंडचं दुरियान चीनला जायच्या घाईत होतं. अक्षय्य तृतीयेच्या आधी वाशी मार्केटला हापूसच्या पेट्या पोहोचवण्याची जी घालमेल असते, तीच इथे. फळ थांबत नाही. कंटेनर जमिनीवर टेकला की वीज जोडायला एक माणूस धावत येतो, कारण तापमान चढलं तर आतला माल गेला. दक्षिण-पूर्व आशियाच्या आर्थिक एकीकरणावर कितीही परिषदा होवोत, त्या माणसाने वीज वेळेवर जोडली नाही तर सगळं फुकट आहे.

व्हिएन्तियानला या लाओस-चीन रेल्वेत बसायची हौस असेल तर उत्तरेला लुआंग प्रबांगपर्यंत जाऊन या. रस्त्याने अख्खा दिवस खाणारं अंतर गाडी दोन तासांत कापते. तिकीट पासपोर्टवर मिळतं, गर्दीच्या दिवसांत आधीच काढा. स्टेशन गावापासून लांब असतात, त्यामुळे किमान तासभर आधी पोहोचा. चाकू, कात्री आणि डिओडरंटचा स्प्रे तपासणीत काढून घेतात.

व्हिएन्तियानहून दक्षिणेला सावनाखेत. रात्रीची बस मिळते, पण मी दिवसाची घ्या म्हणेन. तेरा नंबरच्या महामार्गावर जड ट्रक सतत असतात, काही ठिकाणी रस्ता उखडलेला आहे, आणि अंधारात हा प्रवास नको वाटतो.

सावनाखेत हे मेकाँगच्या काठावरचं शांत शहर. जुन्या फ्रेंच इमारती, संध्याकाळी नदीकाठी खाण्याच्या गाड्या, समोर थायलंडचं मुकदाहान. दोघांना जोडणारा दुसरा मैत्री पूल जपानच्या कर्जातून बांधला गेला आणि २००६ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. हा पूल म्हणजे पूर्व-पश्चिम आर्थिक कॉरिडॉरचा दुवा. मेकाँग खोऱ्यातल्या देशांनी आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने १९९८ मध्ये ही कल्पना मान्य केली: म्यानमारमधल्या मॉलम्याइनपासून डानांगपर्यंत सुमारे साडेचौदाशे किलोमीटरचा सलग रस्ता.

शहराबाहेर सावन पार्क ही औद्योगिक वसाहत आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की कळतं. २०१३ मध्ये निकॉनने इथे कॅमेऱ्याच्या जोडणीचं काम सुरू केलं, ते थायलंडमधल्या अयुथ्यातल्या कारखान्याला पूरक म्हणून. मजुरीचं काम लाओसमध्ये, बाकीचं थायलंडमध्ये, आणि सुटे भाग पुलावरून ये-जा करणार. मला हे फार मोलाचं वाटलं. लाओसला समुद्र नाही. नुसते ट्रक आरपार गेले तर त्याच्या वाट्याला खड्डे, धूळ आणि थोडी ट्रान्झिट फी येते. माल तिथे थांबला आणि त्याला तिथल्या माणसांचे हात लागले, तरच कॉरिडॉर त्यांचाही होतो.

पुढे नऊ नंबरचा रस्ता, सीमेवरच्या दानसावानपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. सकाळची बस धरा. तिकीट काढताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: गाडी थेट व्हिएतनाममधल्या डोंग हा, ह्युए किंवा डानांगला जाते की सीमेवरच उतरवते. वाटेत कसाव्याने, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाने, भरलेले ट्रक दिसतात, थोडे थायलंडकडे, थोडे व्हिएतनामकडे. बान डोंगला व्हिएतनाम युद्धातल्या, १९७१ च्या लढाईतले रणगाडे ठेवले आहेत. हा सगळा हो ची मिन्ह मार्गाचा, म्हणजे त्या युद्धात उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेला जायची त्या वाटेचा पट्टा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, त्यातले न फुटलेले आजही जमिनीत आहेत. लघवीला उतरलात तरी मळलेली पायवाट सोडून झाडीत शिरू नका.

लाओसची दानसावान आणि व्हिएतनामची लाओ बाओ या दोन चौक्यांमधलं अंतर चालत जाण्याजोगं आहे. ट्रकसाठी इथे दोन्ही देशांचे अधिकारी मिळून एकाच जागी तपासणी करतात. सुरुवात २००५ मध्ये झाली, पुरी घडी बसायला २०१५ उजाडलं. दहा वर्षं! रस्ता बांधण्यापेक्षा दोन खात्यांना एका टेबलावर बसवणं कठीण, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. आसियान या दक्षिण-पूर्व आशियाई संघटनेच्या देशांमधल्या बहुतेक मालावर आज आयात शुल्क शून्य आहे. वेळ जातो तो उगमाचा (माल कुठल्या देशाचा याचा) दाखला, वाहनाचा परवाना, विमा आणि सील यांत. ठरावीक परवान्यांपलीकडे एका देशाचा ट्रक तिन्ही देशांत आरपार जात नाही, म्हणून माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. मी उभा होतो तिथे एका ट्रकमधून दुसऱ्यात पोती पाठीवरून चालली होती. लाखो डॉलरच्या रस्त्यावर शेवटचा दुवा ती पाठ होती.

व्हिएतनामचा ई-व्हिसा निघण्याआधीच काढा, या सीमेवर ऐनवेळी मिळत नाही. अर्जात प्रवेशाचं ठिकाण लाओ बाओ असंच निवडा आणि कागदावर छापून न्या. लाओ किप, म्हणजे तिथलं चलन, लाओसबाहेर जवळपास चालत नाहीत, सीमेवर येण्याआधीच संपवा. शाकाहारी असाल तर थायलंडमध्ये 'जे' आणि व्हिएतनाममध्ये 'चाय' एवढा शब्द पुरतो. लाओसमध्ये चिकट भात आणि भाज्या मिळतात, पण फिश सॉसबद्दल आधी विचारा.

लाओ बाओहून डोंग हा साधारण ऐंशी किलोमीटर, वाटेत खे सान्ह आणि कॉफीचे मळे. डोंग हाहून डानांगला रेल्वेने जा आणि डावीकडची खिडकी मागा, हाय वानचा घाट समुद्राला लागून आहे. ट्रक मात्र २००५ पासून सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात.

डानांगला तिएन सा बंदर पाहिलं, बाहेरूनच. सावनाखेतला हे बंदर थाय बंदरांपेक्षा जवळ. तरी लाओसचा बराच माल लांबच्या थाय बंदरांकडे, लाएम चाबांगकडे जातो, कारण तिथे जहाजं जास्त आणि वारंवार लागतात. माल जवळचा समुद्र बघत नाही, पुढचं जहाज बघतो.

पश्चिमेचं टोक, म्हणजे म्यानमारचा भाग, सध्या जाऊ नका. मणिपूरच्या मोरेहून थायलंडच्या माए सोतपर्यंत भारताचा त्रिपक्षीय महामार्ग याच वाटेला मिळायचा आहे, पण म्यानमारमधल्या युद्धात तो अडकला आहे. वेळ कमी असेल तर सावनाखेत ते डोंग हा एवढाच टप्पा करा. मुकदाहानहून पूल ओलांडणाऱ्या बस दिवसभर असतात, त्यामुळे थायलंडमधून थेट तिथे शिरता येतं.